खरखरीत मूठ

दादा,

तुझ्या फोटोसमोर पिस्तूल ठेवायची कल्पना अण्णाकाकांची. तेराव्याला त्यांनी ते कपाटातून स्वतः काढून आणलं, धुतलेल्या टॉवेलावर ठेवलं, नळीचं तोंड माणसांकडे नको म्हणून खिडकीकडे केलं आणि शेजारी चाफ्याची फुलं वाहिली. "आवडीची वस्तू आहे त्याची, राहू दे आता कायमची इथेच," म्हणाले. भेटायला येणारी माणसं आधी फोटो बघत, मग पिस्तूल, मग एकमेकांकडे. माझ्या बोळिंजच्या शेजारणीने चपला घालता घालता मला हळूच विचारलं, "भाऊ पोलिसात होते का हो?" मी नाही म्हटलं. "मग?" आता मग काय सांगणार? आगाशीला सोनचाफ्याची वाडी होती, गावातले पंप दुरुस्त करायचा, आणि चाळिशी उलटल्यावर हवेच्या पिस्तुलाने कागदावरच्या काळ्या गोलात छर्रे मारायचा नाद लागला होता. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि गेल्या.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही. मी त्या पिस्तुलाच्या मुठीकडे बघत होते. आपल्या दोघांचं शेवटचं भांडण त्या मुठीवरून झालं होतं आणि ते अर्धवटच राहिलंय.

दोघांत मिळून एकच पिस्तूल, हे नेमबाजीच्या रेंजवर कोणाला पटायचं नाही. एव्हरशाईन सिटीत तळघरात ती दहा मीटरची रेंज सुरू झाली तेव्हा तू मला न विचारता माझंही नाव घालून आलास. का, तर लहानपणी आगाशीच्या जत्रेत फुगे फोडताना मी तुझ्यापेक्षा जास्त फुगे फोडले होते, आणि ते तुला इतकी वर्षं डाचत होतं. रेंजवाल्या सरांकडचं एक जुनं पिस्तूल आपण घेतलं. बाकीच्यांची लाकडी मुठीची, हाताच्या मापाने कोरून घेतलेली. आपल्याची मूठ साध्या काळ्या प्लास्टिकची, साबणासारखी गुळगुळीत. आपल्या वसईच्या हवेत तळहात कोरडा राहतो कधी? ऐन वेळी मूठ केसभर सरकायची आणि नवाचा छर्रा सातात जायचा. मी रुमालाला हात पुसून पुसून कंटाळले. तू मात्र कंटाळणाऱ्यातला नव्हतास. "प्लास्टिकच आहे ना? मग वितळेल," म्हणालास, आणि पंपाच्या स्टार्टरसाठी घेतलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन ओटीवर बसलास.

आधी सराव म्हणून न्हाणीघरातला मग घेतलास. तापलेलं टोक टेकवायचं, उचलायचं, पुन्हा शेजारी टेकवायचं. एकेक बारीक खळगा, त्याच्या कडेला वितळून वर आलेला बारीक दाणा. दुपारभर ओटीवर जळक्या प्लास्टिकचा वास. वहिनीने तो मग उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "मगाला देवी आल्यात काय?" तो मग तुमच्याकडे अजून आहे. देवी आलेला असला तरी हातातून सटकत नाही.

पण मुठीवर दाणे कुठे पाडायचे, हा खरा प्रश्न होता. तुझा पंजा सुपाएवढा, माझा लहान. तू वहिनीची नीळ आणलीस, माझ्या तळहाताला फासलीस आणि मला मूठ धरायला लावलीस. जिथे निळं उमटलं ते पेन्सिलीने आखलंस. मग ती पुसून तुझा स्वतःचा हात. दोन्ही खुणा जिथे एकावर एक आल्या तेवढीच जागा दोघांची, असं म्हणालास, आणि दाणे तेवढ्याच जागेत पाडलेस. माझा हात पुढे कितीतरी दिवस निळा. ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा मी शाई सांडली म्हणून सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर त्यांना ते जास्तच खोटं वाटलं असतं.

ती पहिली मूठ काय सुंदर झाली होती, दादा. बारीक, एकसारखे दाणे, काकडीच्या सालीवर असतात तसे. हात घट्ट बसायचा आणि टोचायचं काहीच नाही. त्या मुठीवर आपण कितीतरी रविवार काढले. आधी तू मारायचास, मग मी, मग बाहेर चहा, आणि चहाबरोबर तोच वाद. तू म्हणायचास, "हातात काय हाय ते हाताला कळायला पायजे." मी म्हणायची, मुळीच नाही, हाताने पिस्तूल विसरलं पाहिजे, डोळा तेवढा जागा हवा. "इसरायचंच असेल तर पिस्तूल कशाला, केळं धर," असं तू एकदा चहावाल्यासमोर म्हणालास आणि तो इतका हसला की त्याने माझा चहा सांडवला. माझं म्हणणं सरांनाही पटायचं. तुला सरांचं म्हणणं पटायचं नाही.

मग तुझं ते पोटाचं दुखणं निघालं.

त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. किती सुया, कुठलं हॉस्पिटल, कोण काय म्हणालं, ते सगळं भेटायला आलेल्यांना सांगून माझं तोंड कडू झालंय. मला आठवतं ते एवढंच, की एका सलाईनपासून दुसऱ्या सलाईनपर्यंतच्या बऱ्या दिवसांत तू रेंजवर यायचास. टोपी घालून, बारीक झालेल्या मानेने. सरांनी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली तर तिच्यावर पिशवी ठेवलीस. आणि दर वेळी मूठ आधीपेक्षा जास्त खरखरीत.

पहिल्यांदा मला वाटलं, जुने दाणे झिजले म्हणून पुन्हा पाडले असशील. पण पुढच्या वेळी आणखी मोठे. त्याच्या पुढच्या वेळी दाणे नव्हतेच, काटे होते. आयर्नचं टोक खोल घालून, प्लास्टिक वर ओढून काढलेले, वेडेवाकडे. आखलेल्या रेषा ओलांडून पार मागपर्यंत गेलेले. तुझ्या हातचं इतकं गचाळ काम मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलायला लागली. मी पट्टी लावून मारायला लागले, आणि पट्टीने हात घसरायला लागला. म्हणजे सगळं मुसळ केरात.

"दादा, हे पिस्तूल आहे की खोबरं खवायची खवणी?"

"तुझा हात ऑफिसात बसून मऊ पडलाय गं, रेखे."

"आणि तुझा?"

"माझा बरोबर हाय."

मी चिडले. खरंच चिडले, खोटं खोटं नाही. दोघांची म्हणून आखलेली जागा तू एकट्याने घेतलीस असं मला वाटलं. मी स्पष्ट सांगितलं की मी पॉलिश पेपर आणून सगळं घासून काढणार आहे. तू म्हणालास, "बरं, घास. पन मी हाय तोवर नको." मी म्हटलं, "मग काय, वाट बघत बसू?" आणि तू हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. सर आतून बघायला आले. त्या वाक्यासाठी मला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्या काळात तुला इतकं हसवणारं दुसरं कोणी मला आठवत नाही. त्यानंतर तू रेंजवर आला नाहीस.

आता पुढचं ऐक. हे तुला माहीत आहे, मला नव्हतं.

तेराव्याची माणसं गेल्यावर मी आणि वहिनी मागच्या पडवीत वाल सोलत बसलो होतो. वहिनी माहेरची मिठागराकडची. इतकी वर्षं आगाशीत काढून अजून पानी आणि कोन म्हणते, आणि तू तिची नक्कल करता करता स्वतःच तसं बोलायला लागला होतास. मी सहज म्हटलं, "शेवटी शेवटी फार हट्टी झाला होता गं दादा. त्या मुठीचं बघ काय करून ठेवलंय."

वहिनीने वाल सोलायचं थांबवलं नाही. "हट्ट कसला, रेखा. बोटं गेली होती त्यांची."

मला कळेना.

"औषधाने. बधिर झालेली पार. गरम कळेना, गार कळेना. हातात काय धरलंय ते बघितल्याशिवाय कळत नव्हतं. म्हनून ते काटे पाडीत बसायचे. म्हनायचे, आता जरासं लागतंय. मग परत लागेनासं झालं की परत आयर्न घेऊन बसायचे. एकदा बोटाला चटका बसला, कातडी जळली, तरी कळलं नाही. मला वास आला म्हनून मी धावले."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हनाले. रेखाला कळता कामा नये म्हनाले."

दादा, मी तिथे वाल सोलत बसले होते आणि मला तुझा इतका राग आला की समोर असतास तर मी सूप फेकून मारलं असतं. तुझ्या फोटोवर मी चिडले. कोणी असं वागतं का? मी काय परकी होते? सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तू शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागलास, मी समजले की शर्ट ढगळ होतात. तुला बटणं लागत नव्हती. तू पहाटे वाडीत चाफा काढायला जायचं बंद केलंस आणि डॉक्टरांनी दवात जायला नको म्हटलंय असं मला सांगितलंस. वहिनी म्हणाली, फूल हातात आलं की देठासकट पानच आलं ते तुला समजत नव्हतं, कळ्या तुटायच्या, म्हणून तू स्वतःच गडी लावलास. लहानपणापासून अंधारात नुसत्या बोटांनी उमललेलं फूल ओळखणारा तू. आई म्हणायची, याच्या बोटांना डोळे आहेत. ते डोळे गेले आणि तू मला सांगितलंस, माझा हात बरोबर हाय.

राग उतरायला वेळ लागला. अजून पुरता उतरलाय असं नाही. पण मी विचार करत राहिले की सांगितलं असतंस तर काय झालं असतं. मी रडले असते. मग मी ती मूठ मुकाट्याने धरली असती, हात सोलला तरी छान आहे म्हटलं असतं आणि तुझ्याशी भांडणं बंद केलं असतं. तेव्हा सगळेच तुझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. सर तुझा प्रत्येक छर्रा चांगला म्हणायचे. अण्णाकाका तुला पत्त्यांत मुद्दाम जिंकू द्यायचे, आणि तुला ते समजायचं. तुझ्यावर वस्सकन ओरडणारी मी एकटी उरले होते. मला वाटतं ते तुला जपून ठेवायचं होतं. असं असेल तर दादा, तू मला फार मोठं काहीतरी देऊन गेलास, आणि मला ते हातात असताना कळलंही नाही. तुझे उपकार मानावेत की तुला दोन शिव्या घालाव्यात, हे माझं अजून ठरत नाही. सध्या दोन्ही चालू आहे.

त्या संध्याकाळी मी वहिनीला सांगून टाकलं की पिस्तूल आहे तसंच राहू दे, फोटोसमोर. मी काही ते घासणार नाही. ते काटे म्हणजे तुझ्या हातचं शेवटचं काम. आणि काटे असताना मला ते धरता येणार नाही, म्हणजे माझी नेमबाजी संपली, तर संपली. दुसरं पिस्तूल मी घेणार नाही. हे बोलताना मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

वहिनीने मला सरळ विचारलं, "फोटो नेम धरनार हाय का?"

"तसं नाही गं. त्याचं शेवटचं काम आहे ते."

"शेवटचं काम त्यांनी विहिरीवरच्या पंपाचं केलं. तो चालतोय अजून. ते पानी आपन पितो, त्याच्यावर हार घालून ठेवत नाही."

तुझ्यासमोर तुझ्या बायकोची बोलती बंद असायची असं सगळ्यांना वाटायचं. खरं काय ते आपल्याला माहीत होतं.

रविवारी दुपारी मी पॉलिश पेपर घेऊन आगाशीला गेले. वहिनीने ओटीवर गोणपाट अंथरलं, घमेल्यात पाणी आणलं. मी मूठ घासायला घेतली आणि हात पुढे जाईना. कागद काट्यांवर टेकवला होता, आणि मी नुसतीच बसले होते. प्रत्येक काटा म्हणजे तू एकदा तरी काहीतरी जाणवावं म्हणून केलेली धडपड. ते मी एका दुपारात सपाट करणार? मी म्हटलं, "वहिनी, मला नाही जमत. हा त्याचा हात आहे असं वाटतंय."

वहिनीने इतक्या वर्षांत त्या पिस्तुलाला कधी बोट लावलं नव्हतं. केर काढताना ते टेबलावर असलं तर ती टेबल सोडून बाकीचं झाडायची. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बघू." मी दिलं. तिने ते कसं धरतात हे न कळून दोन्ही हातांनी धरलं, मूठ पंजात घेतली, आणि बोटं वळवून घट्ट दाबली. मला वाटलं ती आता रडेल.

"नाही," ती म्हणाली. "हा हात नाही त्यांचा."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"शेवटी मऊ झाला होता हात. वाडीतलं काम सुटलेलं ना. घट्टे गेले सगळे. बाळाचा असतो तसा मऊ. मी रोज धरून बसायची. त्यांना कळायचं नाही मी धरलाय ते. मी सांगायची, धरलाय हो, बघा, आनि मग ते मान खाली करून बघायचे." तिने पिस्तूल माझ्या मांडीवर ठेवलं. "हे असलं टोचरं काही नव्हतं. घास तू."

मी घासलं. वहिनी घमेल्यातलं पाणी ओंजळीने सोडत होती आणि काळं पाणी गोणपाटात मुरत होतं. काटे गेले, खाली खळगे उरले, ते थोडे थोडे भरल्यासारखे झाले. ती पहिली काकडीसारखी मूठ काही परत आली नाही, ते माझ्याने होणारही नाही. पण हाताला बसेल इतकी झाली. संपल्यावर वहिनीने पाणी अळवाच्या आळ्यात ओतलं नाही, प्लास्टिक आहे म्हणून लांब गटारात ओतून आली, आणि आल्यावर हात धुऊन चहा टाकला.

आज मी रेंजवर गेले. पहिले काही छर्रे भलतीकडेच गेले. माझी बोटं काटे लागतील म्हणून आधीच आक्रसत होती. सवय झाली होती त्यांना. मी खाली ठेवलं, श्वास घेतला, पुन्हा उचललं. मग कधीतरी बोटं सैलावली. समोर काळा गोल, मधे नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, आणि हातात काही आहे याचं मला भानच राहिलं नाही. दहा. मग परत दहा. दादा, इतकी वर्षं मी तुला घसा कोरडा करून हेच सांगत होते. हाताने पिस्तूल विसरायला हवं. माझं बरोबर होतं. मी पिस्तूल टेबलावर ठेवून गर्रकन मागे वळले, तुला दाखवायला, आणि तोंडही उघडलं होतं.

मागे कोणी नव्हतं. मग माझ्याने पिस्तूल उचलवेना. मी ते टेबलावर तसंच राहू दिलं आणि तिथेच उभी राहिले, चष्म्याच्या काचा पुसत.

शेजारच्या लेनवरच्या गृहस्थांनी कानावरचे आवाज अडवायचे मफ काढले. "मॅडम, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मूठ चांगली बसली आज."